जागा निघाल्यात

त्या काळात आमच्याकडे जागा हा एकच विषय होता. भाजीवाल्यापाशी, शाळेच्या फाटकात, टँकरमागे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांत, कुठेही कान दिला तरी जागाच. कुणी बोळिंजला जागा बुक केली, कुणाची जागा दलालाने भलत्यालाच देऊन टाकली, कुणाच्या जागेला हवा चांगली पण पाण्याची बोंब. जागा म्हणजे फ्लॅट, नाहीतर निदान नावावरची खोली. या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे मी वसईकडे, गोखिवऱ्यात आल्यापासून विसरूनच गेले होते. म्हणून एके सकाळी मी पोळ्यांच्या कामावर, टीचरांच्या घरी कणीक मळत असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, विद्यापीठात जागा निघाल्यात," तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, "बिल्डर कोण?"

नळ सुरू होता. त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

"त्यातली एक तुझ्यासाठी चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"नको टीचर. आमची भाड्याचीच बरी. जागा घ्यायची ऐपत कुठंय आमची."

"ऐपत कशाला? अर्ज करायचा नुसता."

अर्ज म्हटल्यावर मला वाटलं, सरकारी असणार, सोडत काढून देतात त्यातली. जरा आशा वाटली. "मजला कोणता?"

त्या गोंधळल्या. "मजला? लायब्ररी आहे ती. खाली, वर, सगळीकडे काम असतं."

"तळमजला नको हं. पावसाचं पाणी शिरतं."

टीचर स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांच्या सासूबाई बाहेर खिडकीशी रोझरी घेऊन बसायच्या. त्यांनी माळ मधेच थांबवून विचारलं, "काय झालं गं बाय?"

"हिला विद्यापीठात फ्लॅट पाहिजे, आई."

"मग दे ना," म्हातारी म्हणाली. "पानी हाय का तिथं?"

मग टीचरांनी नीट सांगितलं. जागा म्हणजे नोकरीची जागा. मुंबईतल्या मोठ्या विद्यापीठाची जाहिरात पेपरात आली होती. शिकवणाऱ्यांच्या जागा होत्या, संशोधनाच्या होत्या, कारकुनांच्या होत्या आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, ग्रंथालय परिचर. पुस्तकं उचलायची, पुसायची, आपापल्या ठिकाणी ठेवायची, हे काम. शिक्षण आठवी.

आमच्या गावाकडे नोकरी 'लागते'. कुणाला तरी लागते, एखाद्याला ठेच लागावी तशी, आपला काही हात नसतो त्यात. नोकरीची जागा 'निघते', ती कुणीतरी वाचून आपल्याला सांगतं, आणि आपण अर्ज करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी वाशीमकडची. लग्न होऊन आले ती थेट गोखिवऱ्यात, गाळ्यांच्या मागच्या चाळीत. आमचे हे एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनवायच्या मशीनवर होते. बोलायची तेव्हा फार भीती वाटायची मला. तोंड उघडलं की 'मले', 'तुले', 'काऊन' बाहेर पडायचं आणि नळावरच्या बाया एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी बोलायचंच कमी केलं. बाहेर कामं धरली तीही पोळ्यांची. पोळ्या करताना बोलावं लागत नाही.

टीचरांकडे मात्र बोलावं लागायचं, कारण त्यांना माझं बोलणंच हवं असायचं. त्या वसईच्या वाडीतल्या, ख्रिस्ती घरातल्या. वडील मास्तर, मागे केळीची बाग. लग्नानंतर एव्हरशाईन सिटीत राहायला आल्या, नवऱ्याची नोकरी मुंबईत म्हणून. मी पहिल्या दिवशी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम बँकेत असतात. आमच्या गावात शिकवणारीला टीचर म्हणतात." त्या कॉलेजात मराठी शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. याचा अर्थ मी विचारला होता. "तास झाला की उठायचं," त्या म्हणाल्या. "खुर्ची आपली नाही, तास तेवढा आपला. आणि मे महिन्यात तोही नाही." उरलेल्या वेळात त्या विद्यापीठात जाऊन संशोधन करायच्या. वसईच्या गावागावांत जुनी माणसं कसं बोलतात, हा त्यांचा विषय. सासूबाई त्यांच्या हाताशीच होत्या, आणि मग मीही. मी काही बोलले की त्या कार्डावर लिहून घ्यायच्या. 'काऊन' म्हणजे 'का', हा शब्द ज्या दिवशी त्यांनी लिहून घेतला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या बोलण्यात लिहून घेण्यासारखं काही असतं.

सासूबाईंची बोली मला निम्मी कळायची आणि माझी त्यांना त्याहून कमी. तरी आमचं सूत जमलं होतं. "तुझं नि माझं बोलनं देवालाच कलतं," असं त्या म्हणायच्या. "पन दोन वेगले देव लागतात त्याला."

त्या सकाळी टीचर जे बोलल्या ते नुसतं चांगलं व्हावं म्हणून नव्हे. त्यांना आमची अडचण माहीत होती. ज्या गाळ्यात हे काम करायचे त्याच्या मालकाने मशिनं उचलून दमणकडे नेली होती. गाळ्याला कुलूप. हे रोज उठून इतर गाळ्यांच्या दारात उभे राहून यायचे आणि आल्यावर बाजेवर पडून राहायचे. मग एक दिवस म्हणाले, "आता कायले थांबायचं इथं? पोरीची परीक्षा झाली की दाखला काढू अन् गावी जाऊ. भावाच्या वावरात दोन हात कामाले येतील."

दाखला काढू. हे दोनच शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले.

पोरगी तिसरीत होती. शाळा चांगली होती, बाई चांगल्या होत्या, आणि ती मुलगी घरी येऊन भिंतीला शिकवायची, इतका तिला शाळेचा सोस. गावी शाळा नव्हती असं नाही. पण मला माहीत होतं कसं होतं ते. दाखला काढून नेतात, मग पेरणी असते, मग कुणीतरी आजारी असतं, मग पुढच्या वर्षी घालू असं ठरतं. माझाही दाखला असाच आठवीनंतर निघाला होता. दुसऱ्या शाळेत द्यायचा म्हणून काढला, तो पत्र्याच्या पेटीत राहिला.

अर्जाला तोच दाखला लागणार होता. भावाला कळवलं, त्याने पोस्टाने पाठवला. टीचर टेबलावर अर्ज भरायला बसल्या आणि दाखल्यावरून एकेक गोष्ट उतरवून घेऊ लागल्या. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक. वर्तणूक चांगली होती. मग 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, पालकांच्या विनंतीवरून.

"हे अर्जात लागत नाही," त्या म्हणाल्या आणि बोट पुढे सरकवलं.

मी मात्र ते घरी जाताना घोकत गेले. आमच्या पोरीच्या दाखल्यावरही हेच येणार. विनंती करणारे पालक आम्हीच.

मी अर्ज केला हे ऐकून हे पहिल्यांदा हसले. कितीतरी दिवसांनी. "पिठातून विद्यापीठात चालली का वं?"

"जाऊन तर पाहू."

"तिथं मोठमोठे शिकलेले लोक येतात म्हणते. तुले काय विचारतील ते?"

तेच मलाही माहीत नव्हतं. मी टीचरांना विचारलं. त्यांनी ओळखीच्या एका जुन्या कर्मचाऱ्याकडून माहिती काढली. मुलाखतीत फार काही विचारत नाहीत, पण पुस्तकं लावून दाखवायला सांगतात. पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात, त्या आकड्यांच्या क्रमाने.

आता पुस्तकं लावण्याचा माझा इतिहास चांगला नव्हता. टीचरांकडे कामाला लागले त्याच महिन्यात मी त्यांचं टेबल आवरलं होतं. उघडी पुस्तकं, पालथी पुस्तकं, वहीत वही घातलेली, मला बघवेना. मी सगळी मिटली आणि उंचीप्रमाणे लावली, फळीवर डबे लावतात तशी. मोठं मागे, लहान पुढे. छान दिसत होतं. टीचर आल्या, टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि रागावण्याऐवजी म्हणाल्या, "अगं बाई. माझं सगळं गावच उठवलंस तू." त्यानंतर त्या टेबलाला मी हात लावायचा तर विचारून लावायचे.

आणि आता मला आकडे शिकवायलाही तेच टेबल. त्यांनी दोन पुस्तकं ठेवली. दोन्ही विद्यापीठाच्या लायब्ररीतून आणलेली. एकावर ४९१.४६, दुसऱ्यावर ४९१.५. "यातलं आधी कोणतं?"

"पाचाचं," मी म्हटलं. "शेहेचाळीस मोठे की."

"नाही."

"असं कसं? पाचाच्या नंतर शेहेचाळीस."

त्यांनी दशांश सांगून पाहिला. दहावा भाग, शंभरावा भाग. मी शाळेत ते शिकले असणार, पण आता ते डोक्यात शिरायचं नाही. मी मान हलवायचे आणि परत पाचाचं पुढे ठेवायचे. दोन-तीन दिवस असेच गेले. मला वाटू लागलं की आपला अर्ज परत मागवता आला तर बरं.

मग एकदा पोळ्या चालू असताना त्या आत आल्या. "तू त्या दिवशी मजला विचारलास ना जागेचा?"

"आता किती दिवस हसाल, टीचर."

"हसत नाही. ऐक. टिंबापर्यंत बिल्डिंगचा नंबर. चारशे एक्क्याण्णव नंबरची बिल्डिंग. टिंब आलं की जिना. टिंबानंतर एकेक आकडा वेगळा वाचायचा. चार, सहा. म्हणजे चौथा मजला, सहावी खोली. आणि दुसऱ्या पुस्तकावर नुसता पाच. पाचवा मजला. आता जिना चढताना आधी कोणाचं दार लागेल?"

माझा हात पोळपाटावरच राहिला. "चौथ्या मजल्यावाल्यांचं."

"मग?"

"मग शेहेचाळीस आधी. म्हणजे शेहेचाळीस नाहीच ते. चार-सहा."

"आणि चार-सहा-दोन असेल तर?"

"चौथा मजला, सहावी खोली, अन् आतली दुसरी खोली."

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अजून फ्लॅटच चाललाय काय तुमचा?"

त्या दिवसापासून मी पोळपाटावर पीठ पसरून बोटाने आकडे लिहायचे आणि कोण कोणत्या मजल्यावर राहतो ते बघायचे. घरी पोरीलाही नाद लागला. तिला तो खेळच झाला. टीचरांनी एकदा सांगितलं, चारशे एक्क्याण्णव, टिंब, चार, सहा, हे मराठी भाषेचं घर. म्हणजे जगातल्या कितीतरी लायब्ऱ्यांत मराठी याच पत्त्यावर राहते. मी विचारलं, "आमची बोली पण? आणि आईंची?"

"सगळे तिथेच. खोली लहान पडते जरा."

मुलाखतीच्या दिवशी टीचर माझ्याबरोबर आल्या. त्या दिवशी त्यांचा कॉलेजात तास होता, तो त्यांनी बुडवला. तास बुडाला की त्याचं काही मिळत नाही हे मला माहीत होतं, पण मी बोलले असते तर त्यांनी मला गप्प केलं असतं. निघताना म्हातारीने माझ्या कपाळावर क्रूस काढला. "नऊ दिवसांची नोव्हेना केलीय तुझ्यासाठी. तुझ्या देवाला सांग, रागावू नको म्हनावं."

विद्यापीठ एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलेलं एक इमारत असेल, मोठी. इथे तर रस्ते होते, झाडं होती, एका विभागाकडून दुसऱ्याकडे जायला चालत दमावं लागत होतं. मुलंमुली गवतावर बसून खात होती. माझ्या मनात आलं, यांना कुणी उठवत कसं नाही.

आत तिघं होती. मधे बसलेल्या बाई ग्रंथपाल, केस पिकलेले, चष्मा दोरीला लावलेला. त्यांनी नाव-गाव विचारलं, मग एका ट्रॉलीकडे बोट दाखवलं. "ही एवढी लावून दाखवा."

मी गेले ट्रॉलीपाशी. आकडे दिसेनात. मग मी पिठात आकडे लिहिताना बोलायचे तसं मनातल्या मनात बोलू लागले, आणि भीतीने ते मनात राहिलंच नाही. "हे तिसऱ्या मजल्यावर. हे चौथ्या. हे पण चौथ्यावर, पण शेजारी. हे मले वाटते वर राहते." मागे कुणीतरी खाकरलं तेव्हा कळलं की आपण मोठ्याने बोलतोय, आणि तेही घरच्यासारखं. मी तोंडावर हात ठेवला.

"बोला, बोला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "कोण कुठे राहतं?"

मला सांगावंच लागलं. बिल्डिंग, टिंब, जिना, खोली. त्यांच्या शेजारी बसलेले साहेब हसू लागले. "राहता कुठे तुम्ही?"

"गोखिवऱ्याला. वसईच्या पूर्वेला."

"तरीच. तिकडे सगळ्यांना बिल्डिंगीच दिसतात."

ग्रंथपालबाई उठून ट्रॉलीशी आल्या. दोन पुस्तकं त्यांनी बाहेर काढली. दोन्हींवर एकच आकडा. "हे दोघं एकाच खोलीत राहतात. मग आधी कोण?"

मला येईना. त्यांनी आकड्याखालचं अक्षर दाखवलं. लेखकाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं ते. मी ते पाहिलंच नव्हतं, इतके दिवस मी जिनाच चढत बसले होते.

"दारावरची पाटी वाचायची राहिली तुमची," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पण मला वाटलं, संपलं.

बाहेर आले तर टीचर मुख्य इमारतीच्या फलकापाशी उभ्या होत्या. त्याच जाहिरातीतल्या एका जागेसाठी, मराठी शिकवायच्या कायमच्या जागेसाठी, त्यांचीही मुलाखत थोड्या दिवसांपूर्वी झाली होती. त्याविषयी त्या घरात बोलत नव्हत्या. मी जवळ गेले. एक टाइप केलेला कागद होता. मी वाचला. त्या जागेसमोर लिहिलं होतं, योग्य उमेदवार आढळला नाही.

"म्हणजे कुणाला मिळाली?" मी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग तुम्ही होता की."

टीचरांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "चल, भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "आणि तुझं काय झालं ते सांग आधी, पाटी कसली विसरलीस?"

कँटीनमध्ये वडापाव खाताना मी त्यांना सगळं सांगितलं आणि त्या हसल्या. माझ्या मनात मात्र एकच होतं. मुंबईच्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात, एवढ्या शिकलेल्या बाईला जागा मिळत नाही, तर मी कोण.

यादी लागली तेव्हा माझं नाव खाली होतं, प्रतीक्षा यादीत पहिलं. प्रतीक्षा यादी म्हणजे काय ते मी यांना समजावून सांगितलं. वरच्यांपैकी कुणी नाही म्हटलं तर आपल्याला.

"विद्यापीठाची नोकरी कोन सोडते?" हे म्हणाले. आणि ते बरोबर होतं. पोरीची परीक्षा संपत आली होती. यांनी गावी जायचा दिवस मनाशी धरला होता, खोलीवाल्याला सांगितलं होतं. फक्त शाळेतून दाखला आणायचा राहिला होता, आणि तो आणायला मी जाईन असं मीच म्हटलं. यांना वाटलं, मी मानलं.

मी गेले खरी. मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बराच वेळ बसले. आत जाऊन दाखल्याचं काढल्यावर त्यांनी विचारलं, "दाखला कशाला?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नको आहे."

"नको आहे हे सांगायला आलात?"

मग मी सगळं सांगितलं. गाळा, गाव, यादी. त्या ऐकत होत्या आणि मधेमधे मुलांच्या वह्या तपासत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दाखला काही नासत नाही. इथे कपाटात राहील. जूनमध्ये पट लागेपर्यंत तिचं नाव काढत नाही मी. पण मुलगी वर्गात दिसली पाहिजे." मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं, पण त्या वह्यांतच होत्या.

घरी जाऊन यांना मी सांगितलं, बाई सुट्टीवर आहेत, दाखला जूनमध्ये मिळेल. खोटंच. यांनी ओळखलं असावं. पण म्हणाले फक्त, "जून तर जून." कदाचित त्यांनाही तेवढंच हवं होतं, कुणीतरी थांबवायला.

मे महिना फार कठीण गेला. हे मिळेल त्या गाळ्यात हमाली करायचे. मी आणखी दोन घरच्या पोळ्या धरल्या. टीचरांचे तास बंद होते, तरी त्यांनी माझं काम बंद केलं नाही. त्यांच्या घरात त्या दिवसांत पोळ्या जास्तच होत असत, आणि शिल्लक राहिलेल्या माझ्या डब्यात जायच्या. सासूबाई म्हणायच्या, "आमाला भात पुरतो बाय. पोल्या कोन खानार इथं?" ती म्हातारी स्वतः पोळीशिवाय जेवत नसे.

पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. दुपारची मी खोलीत कपडे वाळवायला दोरी बांधत होते, तर दारात टीचर. त्या आमच्या खोलीवर कधी आल्या नव्हत्या. गाळ्यांमधल्या चिखलातून चालत आल्या होत्या, साडीचा काठ सगळा भरलेला. हे बाजेवर झोपले होते, ते अर्धवट झोपेतच उठून उभे राहिले.

"यादीतल्या एकाने जागा सोडली," टीचर दारातूनच म्हणाल्या. "त्या ओळखीच्या कर्मचाऱ्याने निरोप दिलाय. पत्र येईलच तुम्हाला."

यांच्या कपाळाला आठी पडली. "कोनं सोडली जागा? आता राहायले कुठं गेला तो?"

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं, मी टीचरांकडे. आणि आम्ही दोघी अशा हसायला लागलो की शेजारीण डोकावली. पोरगी काय झालं म्हणून माझा पदर ओढायला लागली. हे मधे उभे, एकदा टीचरांकडे, एकदा माझ्याकडे बघत. मी त्यांना सांगू गेले तर माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. मग टीचरांनी सांगितलं, "भाऊ, राहायची नाही. नोकरीची. हिला मिळाली." हे बाजेवर परत बसले. मग म्हणाले, "चहा टाक वं. टीचर उभ्या आहेत."

त्या लायब्ररीत मी पुढे कितीतरी वर्षं काढली. पहिली दोन हंगामी, मग कायम. ट्रॉली घेऊन मी मजले चढत असे, खरेच मजले. एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं की ते असून नसल्यासारखं. ज्याला हवं असतं तो शोधून जातो, आणि ते दोन हातांवर उभं असतं, भलत्याच्या दारात. असं पुस्तक सापडलं की मला फार बरं वाटायचं. मी त्याला म्हणायचे, चल, घरी चल. मोठ्याने नाही. एवढं मी शिकले होते.

टीचरांची जागा मात्र पुढेही निघायची आणि बंद व्हायची. कधी आरक्षणात बदल, कधी मंजुरी नाही, कधी नुसतंच काही नाही. मधे एका प्रकल्पावर त्यांना संशोधन सहायक म्हणून घेतलं, प्रकल्प संपला तशी ती जागाही संपली. त्यांचं स्वतःचं संशोधन चालूच होतं, त्यासाठी त्या लायब्ररीत यायच्या. वाचनकक्षात खिडकीजवळचं एक टेबल त्यांना आवडायचं, तिथे उजेड चांगला. परीक्षा जवळ आली की मुलं सकाळीच सगळी टेबलं धरायची. म्हणून टीचर येणार असल्या की मी त्या खुर्चीवर रुमाल टाकायचे. जागा धरायची आपली सगळ्यांची रीत, बसपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत. पण लायब्ररीत तसं चालत नाही, आणि ते बघायचं काम माझंच होतं.

एकदा ग्रंथपालबाईंनी पाहिलं. "हा कुणाचा रुमाल?"

"माझा."

"तुम्ही बसणार आहात?"

"नाही. टीचर."

त्या टीचरांना ओळखत होत्या, फलकावरचा तो कागदही त्यांना माहीत असणार. त्यांनी रुमाल उचलला. मला वाटलं, आता आपल्या हातात देतील. पण त्यांनी तो झटकला, नीट चौकोनी घडी घातली आणि परत खुर्चीवर ठेवला. "असा ठेवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर कुणाचा विसरला म्हणून मीच ऑफिसात जमा करीन."

टीचरांचा प्रबंध झाला. त्याची एक प्रत लायब्ररीत आली तेव्हा ती फळीवर ठेवायला मीच गेले. तिच्या पाठीवर चारशे एक्क्याण्णव, टिंब, चार, सहा, आणि खाली दारावरची पाटी. आतल्या एका पानावर सासूबाईंचे शब्द आहेत. तळटिपेत एक शब्द वऱ्हाडातलाही आहे, तुलनेसाठी म्हणून. तो कुणाकडून घेतला हे लिहिलेलं नाही, पण मला माहीत आहे. नंतर टीचरांना एका लांबच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली. लांब म्हणजे रोज जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला येईल इतकं. त्या गेल्या तरी. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या.

आणि पोरीचा दाखला शाळेच्या कपाटातच राहिला, तो थेट दहावीनंतर निघाला. आणायला आम्ही तिघंही गेलो. यांनीही सुट्टी काढली होती, त्यांना तोवर दुसऱ्या गाळ्यात काम मिळालं होतं. फाटकाबाहेर येऊन मी तिच्या हातातून कागद घेतला आणि आधी तो रकाना शोधला. शाळा सोडण्याचे कारण. तिथे लिहिलं होतं, इयत्ता दहावी उत्तीर्ण.

मी ते यांना दाखवलं. यांनी चष्मा नव्हता म्हणून कागद हात लांब करून धरला, सावकाश वाचला. मग पोरीला म्हणाले, "झेरॉक्स काढून ठेव वं चार-पाच. पुढं जागोजागी लागतो हा."